दुर्बीण सगळ्यांना मिळते, मग विंड टनेल का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचे दिवस आले की आपल्या वृत्तपत्रात होर्डिंगच्या बातम्या सुरू होतात. अनधिकृत फलक किती, नोटिसा किती, स्ट्रक्चरल ऑडिट कुणाचं झालं आणि कुणाचं राहिलं. या बातम्यांत एक प्रश्न मात्र कुणी विचारलेला मला आढळला नाही. त्या फलकावर वारा नेमका किती जोर लावतो, हे आपल्याकडे कुणी मोजून पाहिलंय का? आणि पुण्यातल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने ते मोजायचं ठरवलंच, तर त्याला जागा कुठे आहे? पत्र जरा लांबणार आहे. जागा कमी पडली तर कात्री लावा, पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी प्राध्यापक नाही. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. निवृत्तीनंतर धायरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, छोटं मिलिंग मशीन आणि ड्रिल टाकून बसलो आहे. कॉलेजांना विंड टनेलची मॉडेलं करून देतो. विमानाच्या पंखाचा तुकडा, गाडीची प्रतिकृती, इमारतीचा ठोकळा, जे सांगतील ते. त्यामुळे या विषयातलं गणित मला बेताचंच येतं, पण हे काम कुठे अडतं ते नेमकं माहीत आहे.

विंड टनेल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक बंद बोगदा, एका टोकाला पंखा, मध्ये काचेची खिडकी असलेला भाग, त्याला टेस्ट सेक्शन म्हणतात. तिथे मॉडेल बसवायचं, हवा खेळवायची आणि मॉडेलवर किती जोर पडतो, कुठे दाब वाढतो, कुठे कमी होतो ते मोजायचं. राइट बंधूंनी १९०१ साली सहा फुटांची लाकडी पेटी करून तिच्यात दोनशेच्या आसपास पंखांचे आकार तपासले, आणि त्यानंतर १९०३ साली त्यांचं विमान उडालं. आमच्या कॉलेजातलं टनेल त्या पेटीपेक्षा फार मोठं नाही. टेस्ट सेक्शन ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, हवेचा वेग फार तर सेकंदाला ३० मीटर. बहुतेक कॉलेजांत हेच असतं. प्रॅक्टिकलसाठी उत्तम आहे. धूर सोडला की मुलांना पंखावरून हवा कशी सुटते ते दिसतं, जर्नल पुरं होतं, तोंडी परीक्षेला दोन प्रश्न विचारता येतात. पण संशोधन म्हटलं की गाडी तिथेच अडते.

कशी अडते, ते एका उदाहरणाने सांगतो.

सोलापूरकडची एक मुलगी पीएच.डी. करत होती. विषय तिने स्वतः निवडलेला: दोन खांबांवर उभं असलेलं होर्डिंग आणि त्यावर येणारा तिरका वारा. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळ्याला महामार्गालगत होर्डिंग कोसळून पाच जण गेले. पावसापासून आडोसा म्हणून ती माणसं त्याच्याखाली थांबली होती. तेव्हापासून हा विषय तिच्या डोक्यात होता. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ ला, घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग पडलं आणि १७ जणांचे जीव गेले. त्यानंतर तर तिने हा विषय सोडायचा नाही असंच ठरवलं.

वारा समोरून सरळ आला तर फलकाला सगळ्यात जास्त धोका, असं आपल्याला वाटतं. फलक मागे रेटला जाण्यापुरतं ते बरोबरही आहे. पण वारा तिरका, म्हणजे साधारण ४५ अंशांतून आला की दाब फलकाच्या मध्यावर राहत नाही. वाऱ्याकडच्या कडेला तो साचतो आणि खांबांना पीळ बसतो. खांब वाकण्यासाठी डिझाइन केलेला असतो. त्या पिळाचा हिशेब फाउंडेशनच्या बोल्टपर्यंत कुणी नीट नेला आहे का, हा तिचा प्रश्न होता.

आता आकडे पाहा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईसाठी तो ४४ मीटर आहे. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. पुण्यासाठी तो सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९३ किलो येतो. फलक १२ मीटर बाय ६ मीटरचा धरला, तर त्यावर साडेसहा टनांहून जास्त जोर. त्याला अजून उंचीचा, भूभागाचा आणि फलकाच्या आकाराचा गुणांक लावायचा असतो. मानकातला आकाराचा गुणांक मोकळ्या जागेतल्या, एकट्या, स्वच्छ आयताकृती फलकासाठी असतो. आपल्याकडे एकामागे एक तीन फलक, शेजारी उड्डाणपुलाची भिंत, मागे सात मजली इमारत, आणि मूळ फलकाला वरून नंतर जोडलेला आणखी एक तुकडा. असा फलक कुठल्या तक्त्यात बसवायचा?

म्हणून मोजणं आलं, आणि म्हणून ती माझ्या शेडमध्ये आली. १:१०० प्रमाणात फलक होतो १२ बाय ६ सेंटिमीटर. म्हणजे ७२ चौरस सेंटिमीटर. टनेलचं तोंड ९०० चौरस सेंटिमीटर. मॉडेलने आठ टक्के वाट अडवली. पाच टक्क्यांच्या वर गेलं की मॉडेलच्या कडेने हवा बळेच जोरात जाते आणि आकडे फुगतात. ते दुरुस्त करायची सूत्रं आहेत, पण परीक्षक विचारणारच. ही झाली पहिली अडचण, आणि ती त्यातल्या त्यात सोपी.

दुसरी अडचण नळ्यांची. मॉडेलवर दाब मोजायचा तर त्याच्या पृष्ठभागावर जेमतेम एक मिलिमीटरची भोकं पाडावी लागतात. भोक पृष्ठभागाला अगदी काटकोनात हवं. कडेला ड्रिलचा जरा जरी बर (धातूची उचललेली धार) राहिला, तरी दाब चुकीचा लागतो, म्हणून प्रत्येक भोक भिंगाखाली पाहून बारीक पॉलिश पेपरने साफ करायचं. मग आतून स्टीलची बारीक नळी चिकटवायची, तिला प्लास्टिकची लवचिक नळी जोडायची, तिच्यावर नंबराची चिठ्ठी लावायची आणि इंजेक्शनच्या सिरिंजने हवा ओढून कुठे गळत नाही ना ते बघायचं. एक नळी गळली तरी तो बिंदू बाद. होर्डिंगची तर आणखी पंचाईत. इमारत पोकळ असते, तिच्या पोटात नळ्या मावतात. होर्डिंग म्हणजे पातळ पत्रा, आणि दाब दोन्ही बाजूंचा हवा, कारण पुढून रेटा आणि मागून ओढ दोन्ही मिळून ते पडतं. त्या सगळ्या नळ्या खाली आणायच्या त्या खांबातून. खरा खांब ६० सेंटिमीटर जाडीचा धरला तर मॉडेलमध्ये तो सहा मिलिमीटर. त्यातून दीड मिलिमीटरच्या दोन डझन नळ्या कशा जाणार? ‘काका, बसतील ना?’ असं तिने विचारलं. बसत नाहीत. खांब जाड केला तर ते मॉडेल त्या होर्डिंगचं राहत नाही.

तिसरी अडचण खांबाच्या गोल आकाराची. चौकोनी कडेवरून हवा कुठे सुटणार हे कडच ठरवते, म्हणून छोट्या मॉडेलवरही आकडे बरेचसे खरे येतात. गोल खांबावर तसं नसतं. हवा कुठे सुटेल हे वेग, जाडी आणि हवेचा चिकटपणा यांच्या गुणोत्तरावर ठरतं. त्याला रेनॉल्ड्स नंबर म्हणतात. खऱ्या खांबाचा हा आकडा १५ लाखांच्या घरात, आमच्या टनेलमधल्या सहा मिलिमीटरच्या काडीचा १२ हजार. सुमारे १३० पटींचा फरक. या दोहोंच्या मध्ये एक टप्पा असा येतो की गोल खांबावरचा ओढ-गुणांक एकदम निम्म्याच्या आसपास उतरतो. छोट्या टनेलमध्ये मोजणारा त्या टप्प्याच्या अलीकडे उभा, खरं होर्डिंग पलीकडे.

आणि चौथी, जमिनीलगतच्या वाऱ्याची. खरा वारा जमिनीपाशी हळू, वर जोरात आणि कायम झोतांचा. तो टनेलमध्ये तयार करायला मॉडेलच्या आधी लांबच लांब मोकळी जागा हवी. तिथे त्रिकोणी सुळे उभे करतात, जमिनीवर लाकडी ठोकळे मांडतात, म्हणजे मॉडेलपर्यंत येईतो हवा शहरावरून आल्यासारखी ढवळलेली असते. आमच्या टनेलमध्ये टेस्ट सेक्शनची अख्खी लांबीच एक मीटर.

यातल्या बऱ्याचशा अडचणींवर उपाय एकच, मोठं टनेल. आयआयटी रूरकीचं बाउंड्री लेयर टनेल, म्हणजे जमिनीलगतचा वारा तयार करणारं, साधारण दोन मीटर बाय दोन मीटर आणि १५ मीटर लांब आहे. तिथे हाच फलक १:३० प्रमाणात, ४० बाय २० सेंटिमीटरचा करता येतो. खांब दोन सेंटिमीटरचा होतो, नळ्या आरामात बसतात आणि वाट अडते फक्त दोन टक्के. चेन्नईला सीएसआयआरच्या एसईआरसी या बांधकामांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत असंच बाउंड्री लेयर टनेल आहे. आयआयटी कानपूरच्या राष्ट्रीय टनेलचं तोंड तीन मीटर बाय सव्वादोन मीटर, वेग सेकंदाला ८० मीटरपर्यंत. बंगळुरूच्या एनएएल या विमानशास्त्राच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १.२ मीटरचं ट्रायसॉनिक टनेल (आवाजाच्या वेगाच्या खाली, आसपास आणि वर चालणारं) १९६७ पासून चालू आहे. टाक्यांत दाबून भरलेली हवा सोडायची आणि काही सेकंदांत प्रयोग उरकायचा, अशी त्याची रीत. आपली क्षेपणास्त्रं, उपग्रह प्रक्षेपक, तेजस विमान, सगळ्यांची मॉडेलं त्या हवेतून गेली आहेत. तिरुअनंतपुरमला इस्रोनेही २०२२ च्या डिसेंबरात स्वतःचं ट्रायसॉनिक टनेल सुरू केलं. हैदराबादला डीआरडीओकडे २०२० पासून हायपरसॉनिक, म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून जास्त वेगाचं, टनेल आहे. म्हणजे देशात टनेलं नाहीत असं नाही. चांगली आहेत, काही तर जगात मोजक्याच ठिकाणी असतील अशी आहेत.

दारं बंद आहेत असंही नाही. यातल्या काही संस्था बाहेरची कामं घेतात. पण ती घेतात कन्सल्टन्सी म्हणून. बिल्डर येतो, उंच टॉवरची टेस्ट करून घेतो, बिल भरतो. विद्यार्थिनी जाते तेव्हाही तिच्या हातात तेच दरपत्रक येतं. आमच्या मुलीने एका मोठ्या संस्थेला लिहिलं. नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका संस्थेचा नाही. उत्तर सभ्य होतं. दर अमुक, किमान इतके दिवस घ्यावे लागतील, मॉडेल आमच्या रेखाटनाप्रमाणे तुम्ही करून आणायचं, तारीख नंतर कळवू. गाइडने कॉलेजकडे पैसे मागितले. कॉलेजने खर्चाचा हेड विचारला, म्हणजे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे. हेड सापडेपर्यंत तारीख गेली, पुढची तारीख मिळेपर्यंत फेलोशिप संपत आली. शेवटी तिने सगळं कॉम्प्युटरवर केलं आणि ताळा बघायला परदेशातल्या जुन्या टेस्टचे छापील आकडे घेतले. थीसिस झाला. मी अर्धवट केलेलं १:३० चं मॉडेल अजून माझ्याकडे फळीवर आहे.

‘कॉम्प्युटर आहे की, मग टनेल कशाला?’ असं विचारणारे भेटतात. कॉम्प्युटरवरचं काम मी कमी लेखत नाही. पण कडेवरून सुटलेली, भोवरे सोडत जाणारी हवा आणि तिचे क्षणिक झटके कॉम्प्युटरला सांगायचे तर कुठलं तरी गृहीतक धरावंच लागतं, आणि ते गृहीतक बरोबर आहे की नाही हे शेवटी मोजमापच सांगतं. मोजमाप नसलं की दोन कॉम्प्युटर एकमेकांना पास करत बसतात.

आणि मोजतानाही नेमकं काय मोजायचं हे चुकलं तर काय होतं, त्याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. फेरीब्रिज वीज केंद्रात आठ कूलिंग टॉवर होते, प्रत्येकी ११४ मीटर उंच. १ नोव्हेंबर १९६५ रोजी वादळी वाऱ्यात त्यातले तीन कोसळले. पडले ते वाऱ्याच्या तोंडावरच्या रांगेतले नव्हते, मागच्या रांगेतले होते. डिझाइन करताना एकट्या उभ्या टॉवरवरचा वारा धरला होता. पुढच्या टॉवरांमधून हवा खवळून मागच्यांवर आदळेल, हे त्या हिशेबात नव्हतं. शिवाय सरासरी वारा धरला होता, झोत नाही. बायपासवर एकामागे एक उभी असलेली होर्डिंग पाहिली की मला हे टॉवर आठवतात. रांगेतल्या मागच्या फलकाचं काय होतं, हे मोजायला कुणी तरी बसायला हवं. बिल्डर स्वतःच्या टॉवरची टेस्ट करून घेईल. रस्त्यावरच्या होर्डिंगची टेस्ट करायला गिऱ्हाईक कोण? असे विषय विद्यापीठांतच होतात, दुसरीकडे होत नाहीत.

युरोपने यावर एक मार्ग काढला होता. तिकडची तीन टनेलं म्हणजे प्रत्येक देशाला परवडणार नाहीत अशी. जर्मनीत कलोनला एक आहे, त्यात हवेऐवजी नायट्रोजन वायू उणे १६० अंशांच्याही खाली थंड करून आणि साडेचार बारपर्यंत दाबून खेळवतात, म्हणजे छोट्या मॉडेलवरही खऱ्या विमानाइतका रेनॉल्ड्स नंबर मिळतो. नेदरलँड्समधल्या दुसऱ्याचा टेस्ट सेक्शन साडेनऊ मीटर बाय साडेनऊ मीटरपर्यंत करता येतो. तिसरं फ्रान्समध्ये, आल्प्सच्या पायथ्याला मोदान इथे. आठ मीटर व्यासाचं हे टनेल जर्मनांनी युद्धकाळात ऑस्ट्रियात बांधायला घेतलं होतं. युद्धानंतर फ्रेंचांनी ते सुटं करून आपल्याकडे नेलं आणि १९५२ पासून चालवलं. त्याचे पंखे डोंगरावरून येणाऱ्या पाण्याने फिरतात. टर्बाइन थेट पंख्याला जोडलेली, मध्ये वीज नाहीच. ताकद ८८ मेगावॅट. कोयना आणि भिरा पाहिलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

तर २००९ साली युरोपियन युनियनच्या पैशातून एस्विर्प नावाचा प्रकल्प सुरू झाला. या तीन टनेलांची उपकरणं सुधारायची, आणि एरवी विमान कंपन्यांनाच परवडणारा त्यांचा वेळ विद्यापीठांतल्या संशोधकांना द्यायचा. प्रस्ताव मागवायचे, तज्ज्ञांनी निवडायचे, निवडलेल्यांना टनेल चालवण्याचा खर्च पडू द्यायचा नाही. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कलोनच्या टनेलमध्ये विद्यापीठांच्या गटांनी जे मॉडेल वापरलं, ते प्रत्येकाने नव्याने केलेलं नव्हतं. नासाने एका प्रवासी विमानाचा आकार ‘कॉमन रिसर्च मॉडेल’ म्हणून जगाला खुला केला आहे, त्याचंच मॉडेल होतं. अनेक गट मिळून एकाच मॉडेलवर मोजतात आणि आकडे सगळ्यांच्या कामी येतात. ब्रिटनने २०१४ साली सात विद्यापीठांतली १७ टनेलं एका योजनेत आणली, दुसऱ्या विद्यापीठाच्या संशोधकालाही ती वापरता यावीत म्हणून.

हे सगळं श्रीमंतांचे चोचले, असं कुणी म्हणेल. म्हणून आता पुण्याकडे येतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तबकडीला भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी लावली, त्यामुळे वारा तिच्यातून निघून जातो आणि सांगाडा हलका, स्वस्त करता आला. वाऱ्याचा विचार केला की पैसे कसे वाचतात, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. पण माझा मुद्दा दुसरा. ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए केंद्राची. तरी ती त्यांच्यापुरती नाही. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात, समिती ते तपासते आणि वेळ वाटून देते. जगातल्या कुठल्याही देशाचा खगोलशास्त्रज्ञ अर्ज करू शकतो, विद्यार्थीही करतो. कल्पना चांगली असेल तर तास मिळतात. दरपत्रक कुणी पुढे करत नाही.

विद्यापीठाच्या आवारातली आयुका १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिली ती याचसाठी. छोट्या विद्यापीठातल्या, एकट्याने खगोलशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला मोठ्या सुविधांपर्यंत पोचता यावं म्हणून. अणुऊर्जा विभागासारख्या कडेकोट खात्यानेही हे केलं आहे. यूजीसी आणि त्या विभागाचा मिळून इंदूरला एक संघ आहे. त्याच्यामार्फत विद्यापीठांतली मुलं तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनवर आणि इंदूरच्या इंडस सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रयोग करून येतात. अणुभट्टी विद्यार्थ्याला मिळते, आकाश मिळतं. हवेनेच काय घोडं मारलंय?

संरक्षणाची, गोपनीयतेची अडचण पुढे केली जाईल, आणि ती खोटी नाही. क्षेपणास्त्राचं मॉडेल बसवलेलं असताना सोलापूरच्या मुलीला आत सोडा, असं मी म्हणत नाही. हायपरसॉनिकला तर हात लावूच नका. पण इमारती, पूल, होर्डिंग, सोलर पॅनल, एसटीची बस, यांत लपवायचं काय आहे? सरकारी पैशातल्या प्रत्येक मोठ्या लो-स्पीड आणि बाउंड्री लेयर टनेलने वर्षातले दोन आठवडे विद्यापीठांसाठी बाजूला काढावेत आणि ते आधी जाहीर करावेत. खोडदसारखे वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवावेत. निवड अशा समितीने करावी जिच्यात टनेल चालवणारा एक तरी माणूस असेल, कारण कुठला प्रयोग दोन दिवसांत होतो आणि कुठला होत नाही, हे त्यालाच कळतं. सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरच्या संशोधन-उपकरणांची यादी आहे, बुकिंगची सोय आहे, चांगलंच आहे. पण यादीत नाव दिसणं आणि पैसे नसताना वेळ मिळणं यांत फार अंतर आहे.

एवढं झालं तरी काम अडेल, आणि हे माझ्या धंद्यामुळे मला ठामपणे सांगता येतं. टनेलचे तास फुकट दिले तरी मॉडेलचं काय? शंभर दाबबिंदूंचं एक मॉडेल म्हणजे कारागिराचं कित्येक आठवड्यांचं काम आणि त्याला लागणारा पैसा. त्यात ते टनेलच्या टर्नटेबलवर बसायला हवं, त्यांच्या प्रेशर स्कॅनरच्या (एकदम अनेक नळ्यांतला दाब मोजणाऱ्या यंत्राच्या) नळीला आपली नळी जुळायला हवी, वाऱ्यात थरथरता कामा नये. या गोष्टी आधी कळल्या नाहीत तर दोनपैकी एक दिवस अडॅप्टर शोधण्यात जातो. म्हणून वेळेबरोबर मॉडेलचा खर्च, दोघांचा प्रवास आणि टनेलवाल्यांशी आधी एक बैठक, हे सगळं एकाच मंजुरीत हवं. ‘दोघांचा’ हे मुद्दाम म्हणतोय. एक संशोधक, आणि एक ज्याने नळ्या लावल्यात तो. त्या माणसाला टीए-डीए देण्याची पद्धत आपल्याकडे नाही, आणि प्रयोगाच्या दिवशी तोच लागतो.

याहून स्वस्तात होणारी एक गोष्ट सुचवतो. सामाईक मॉडेलांची एक बँक करा. उंच इमारतींसाठी सीएएआरसी या राष्ट्रकुल देशांच्या विमानसंशोधन परिषदेचं प्रमाणित मॉडेल जगभर वापरतात, १८० मीटर उंचीच्या साध्या चौकोनी टॉवरचं. नवीन टनेल सुरू झालं की आधी त्यावर मोजून बाकीच्यांशी आकडे ताडून बघतात. तसं आपल्याकडचं एक प्रमाणित होर्डिंग का नसावं? दोन खांबांचं, एका खांबाचं, व्ही आकाराचं, असे तीन नमुने. एकदा नीट करायचे, पेटीत बंद करून मागेल त्या टनेलला पाठवायचे. पुण्याचा विद्यार्थी एका कोनातून मोजेल, नागपूरचा दुसऱ्या, कोल्हापूरचा मागे इमारत ठेवून. आकडे सगळ्यांसाठी खुले. महापालिकेच्या इंजिनिअरलाही ते बघता येतील आणि मग ऑडिटच्या कागदावर नुसती सही असणार नाही. पुण्यात हे करायला कारागीर आहेत. भोसरी-चिंचवडमध्ये याहून नाजूक कामं रोज होतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात तर १९१६ पासून पाण्याची कामं चालू आहेत. धरणाचा सांडवा आधी छोट्या प्रमाणात बांधून त्यावरून पाणी सोडून पाहण्याची परंपरा या शहराला नवी नाही.

आता विनंती. आपल्या वार्ताहराने माहिती अधिकारात एवढंच विचारावं: सरकारी पैशातल्या प्रत्येक मोठ्या विंड टनेलने गेल्या पाच वर्षांत एकूण किती तास काम केलं, त्यातले किती तास दुसऱ्या विद्यापीठांच्या संशोधकांना मिळाले, आणि त्यांच्याकडून किती शुल्क घेतलं. उत्तर आलं की ते, कमी असो जास्त असो, जसंच्या तसं छापा. होर्डिंगवरची पुढची बातमी त्याच्या शेजारी आली तर फारच बरं.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट
धायरी, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)